उन्हाळ्यात न दिसणारी बाग

मेडो रू नावाचं एक फुलझाड आहे. शास्त्रीय नाव थॅलिक्ट्रम. पानं आपल्या हंसराजासारखी नाजूक, दांडा चार-सहा फूट उंच, काही जातींचा त्याहूनही उंच, आणि टोकाला जांभळट किंवा पांढऱ्या बारीक फुलांचा विरळ झुबका. युरोप-अमेरिकेत ते अर्ध्या सावलीत लावतात. मोठ्या झाडाखाली, भिंतीच्या कडेला, जिथे गुलाबाला पुरेसं ऊन मिळत नाही तिथे. हिवाळ्यात जमिनीवरचं सगळं वाळून जातं आणि थंडी सरली की मुळातून नवे कोंब येतात. एकदा लावा, वर्षानुवर्षं पाहा. बागेचे व्हिडिओ पाहणाऱ्या कुणाच्याही फोनमध्ये असं एखादं झाड सेव्ह केलेलं असतं. माझ्या फोनमध्ये हे होतं.

ढाणकीत ते जगणार नाही. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात. थोडं पुढे पैनगंगा, आणि नदीपलीकडे नांदेड जिल्हा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि रात्री दहा वाजतासुद्धा भिंतीला पाठ लावावीशी वाटत नाही. मेडो रूला थंड रात्री आणि खराखुरा हिवाळा लागतो. महाराष्ट्रात त्याचा एक भाऊबंद आहे, पण तो सह्याद्रीच्या उंच डोंगरांवर, पावसाळ्यात दिसतो. थॅलिक्ट्रम डालझेली हे त्याचं नाव. ज्यांच्यावरून ते पडलं त्या निकोल डालझेल यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्यासोबत १८६१ साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. त्या झाडाचा आणि आमच्या काळ्या मातीचा संबंध नाही.

तेव्हा प्रश्न असा उरतो की आमच्याकडे, अर्ध्या सावलीत, माणसाच्या उंचीचं, दरवर्षी आपोआप येणारं काय लावायचं? याचं उत्तर सापडलं. पण त्या उत्तरामुळे घरात एक वाद सुरू झाला. तो वाद झाडांपेक्षा मोठा होता, म्हणून हे लिहितो आहे.

आधी जागेबद्दल. आमच्या घराच्या उत्तरेला तीस फूट लांब आणि अकरा फूट रुंद पट्टा आहे. एका बाजूला घराची दहा फुटी भिंत, पश्चिमेच्या टोकाला जुना कडुनिंब. मागच्या दारातून निघून न्हाणीकडे आणि संडासाकडे जायची वाट याच पट्ट्यातून. बाकी जागेत पूर्वी गोवऱ्या, जळण आणि उतरवलेली कवेलू असायची.

परदेशी माहितीत ‘अर्धी सावली’ म्हणजे दिवसाचं तीन ते सहा तास ऊन. हा आकडा आमच्याकडे अर्धाच उपयोगाचा आहे, कारण ते तास कोणते हे तो सांगत नाही. सकाळी सात ते अकरा असं चार तासांचं ऊन आणि दुपारी एक ते पाच असं चार तासांचं ऊन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पान वाढतं, दुसऱ्यात ते कागदासारखं करकरीत होतं.

दुसरी गोष्ट उत्तरेच्या भिंतीची. उत्तरेच्या बाजूला कायम सावली, हे लंडनमध्ये जवळपास खरं आहे. ढाणकी साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे मेच्या मध्याला एके दिवशी भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तसंच पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होतं. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे घराच्या मागच्या, उत्तरेच्या भिंतीवर तेव्हा थेट ऊन पडतं.

इंजिनियर असल्यामुळे हे कागदावर मांडून पाहिलं आणि मग चुन्याच्या रेघा मारून जमिनीवर. डिसेंबरच्या शेवटी दुपारी दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेकडे साडेनऊ फुटांच्या आसपास पडते. जवळजवळ अख्खा पट्टा सावलीत. एकवीस जूनला तीच सावली उलट बाजूला, दक्षिणेकडे, जेमतेम आठ इंच. म्हणजे आमचा पट्टा हिवाळ्यात सावलीचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर उजेडाचा. त्यात कडुनिंब स्वतःचं वेळापत्रक चालवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो, एप्रिलपर्यंत नवी पालवी धरतो आणि मे महिन्यात, जेव्हा पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट, तेव्हा त्याची सावली दाट झालेली असते. जूनच्या मध्यानंतर ढग येतात आणि उरलेली धग तेच झाकतात.

अशा जागेला शोभतील अशी झाडं आपल्या जंगलात आहेतच. पहिलं पेव. काही ठिकाणी त्याला पेवगा म्हणतात. पानझडी जंगलात, ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या कडेला ते पावसाळ्यात उगवतं. खोड उसासारखं सरळ नाही, वळत वळत वर जातं, आणि पानं जिन्याच्या पायऱ्यांसारखी त्याच्याभोवती फिरतात. ऑगस्टपर्यंत ते सहज सहा फूट होतं. मग टोकाला लाल कणसासारखा भाग येतो आणि त्यातून एकेक पांढरं फूल बाहेर पडतं, क्रेप कागद चुरगळून उघडावा तसं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात आणि हिवाळा सरेपर्यंत वर काही उरत नाही.

दुसरा सोनटक्का. हा मूळचा पूर्व हिमालयाकडचा, पण महाराष्ट्रात इतका रुळला की कुणाला परका वाटत नाही. तिकडे क्यूबाने तर त्याला राष्ट्रीय फूल केलं आहे. चार-पाच फूट उंची, आल्यासारखी पानं आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात संध्याकाळी अंगणभर जाणारा वास. तिसरी कर्दळ. ती अमेरिकेतून आली. पाणी मिळालं तर बाराही महिने हिरवी राहते, उन्हाचंही तिला फार वावडं नाही, म्हणून ती पट्ट्याच्या पूर्व टोकाला.

या तिघांमध्ये आणि त्या मेडो रूमध्ये एक गंमतशीर साम्य आहे. मेडो रूच्या फुलाला पाकळ्या नसतात. दिसतो तो बहुतेक पुंकेसरांचा झुबका. सोनटक्क्याचे जे पांढरे पंख आपण पाकळ्या समजतो, तेही मुळात पुंकेसर आहेत, पसरून पाकळीसारखे झालेले. खऱ्या पाकळ्या मागे अरुंद पट्ट्यांसारख्या असतात. कर्दळीचं तसंच, पेवाचंही तसंच. जे झाड मला हवं होतं आणि जी झाडं मला मिळाली, त्यांची नाती फार दूरची आहेत. पण सगळ्यांनी शोभेचं काम पाकळ्यांकडून काढून पुंकेसरांना दिलं आहे.

कळलावीसुद्धा याच जातकुळीची सवय असलेली. पावसात येते, उन्हाळ्यात जमिनीखाली जाते, आणि फूल असं की रस्त्यावरून जाणारा थांबून पाहील. पण तिच्यात कोल्चिसीन हे विष असतं, कंदात तर फारच. घरात चुलतभावाची तीन वर्षांची मुलगी आहे आणि ती माती खाते. कळलावी आणली नाही.

पेवाचे गड्डे नांदेडच्या एका नर्सरीतून आणले. उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, तिथे अशी झाडं उकरणं हा गुन्हा आहे आणि तसंही ती तिथेच राहावीत. सोनटक्का दिला मोठ्या आईने, तिच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेला. देताना तिने एकच सांगितलं, “आता उकरून पाहू नको घडीघडी. मिरगाचं पाणी पडू दे, मंग पाह्य.”

आमची माती काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. कंदाच्या झाडाला या मातीत दोन धोके. पावसाळ्यात पाणी साचून कंद कुजणं आणि उन्हाळ्यात भेगांतून मुळं उघडी पडणं. त्यावरचा उपाय मला कुठे शोधावा लागला नाही. आमच्या तालुक्यात हळद पिकते. हळदीवाल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत असतं की सरी-वरंबा किंवा गादीवाफा करा, पाणी उभं राहू देऊ नका, चांगलं कुजलेलं शेणखत द्या. म्हणून पट्ट्यातली माती मुरूम आणि शेणखत घालून नऊ इंच उचलून घेतली, कडेने उतार काढला, कंद दोन-तीन इंच खोल ठेवले आणि वर कडुनिंबाच्या गळलेल्या पाल्याचा जाड थर. उन्हाळ्यात भेगा पडू नयेत म्हणून हा पाला सगळ्यात महत्त्वाचा. सोनटक्क्याला आठवड्यातून दोनदा ओल लागते, कारण तो पूर्ण झोपत नाही. पेवाला मार्च ते मे पाणी नाही दिलं तरी चालतं.

पहिल्या पावसाळ्यात सगळं वर आलं. दुसऱ्या पावसाळ्यात एकेका गड्ड्याची पाच-सहा खोडं झाली. तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मागच्या दारातून पाहिलं तर घर संपून लगेच रान सुरू झाल्यासारखं वाटायचं.

याच ऑगस्टमध्ये आजी त्या पट्ट्यात पडली. पहाटे न्हाणीकडे जाताना, ओल्या काळ्या मातीत पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दोन महिने खाटेवर. ती एकोणऐंशी वर्षांची आहे. काळी माती ओली झाली की तिच्यावर चांगला तरुण माणूससुद्धा सरळ चालू शकत नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

बाबांनी ठरवलं की उन्हाळ्यात पूर्ण पट्ट्यावर गट्टू बसवायचे. गट्टू म्हणजे ते सिमेंटचे एकमेकांत अडकणारे ठोकळे, जे गेल्या काही वर्षांत गावातल्या शाळेपासून मंदिरापर्यंत सगळीकडे बसले आहेत. बाबांची बाजू नीट ऐकली तर तिच्यात चूक काही नव्हती. आजीला आता वॉकर घेऊन चालायचं होतं. वॉकरला सपाट जमीन लागते. शिवाय दाट झाडोऱ्यात विंचू निघतो, सापाची भीती असते, मच्छर होतात. गट्टू झाडून काढता येतात.

मी म्हणालो, झाडांचं काय? हे बोलणं मार्चमध्ये झालं, फोनवर, मी पुण्याहून. बाबांनी उत्तर द्यायच्या ऐवजी व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा पट्ट्याकडे वळवला. “तूच पाहून घे. काय आहे तिथं? माती अन् पाला.”

आणि खरंच काही नव्हतं. पूर्वेला कर्दळीची चार-दोन पानं, मध्ये सोनटक्क्याचे वाळके दांडे, बाकी पिवळा पाला. ज्याने ऑगस्ट पाहिला नाही त्याला ही जागा रिकामीच दिसणार. बाबांनी ऑगस्ट पाहिला होता, पण त्या ऑगस्टची त्यांची आठवण दवाखान्याची होती.

त्या कॉलनंतर एक गोष्ट डोक्यातून जाईना. थंड देशात बागेची झाडं हिवाळ्यात झोपतात, आणि हिवाळ्यात तिथे सगळंच थबकतं. जमीन गोठलेली असते, खोदकामही अवघड होतं. आमच्याकडे झाडं उन्हाळ्यात झोपतात, आणि उन्हाळा हाच आमचा बांधकामाचा हंगाम. पाऊस नाही, शेतीची कामं कमी, मजूर मोकळे, मिस्त्री गावात. विहीर खोदणं, घर वाढवणं, कुंपण घालणं, अंगण पक्कं करणं, लग्नाचा मांडव टाकणं, सगळं फेब्रुवारी ते मे. म्हणजे जी झाडं जमिनीखाली असतात, ती नेमकी तेव्हाच नसल्यासारखी असतात जेव्हा जमिनीबद्दलचे निर्णय होतात. कुणी त्यांच्याविरुद्ध काही ठरवत नाही. ती मोजणीतच येत नाहीत. जंगलात ती याच सवयीने तगून राहिली, कारण वणवा आणि चरणारी जनावरं वरून निघून जातात. टिकावाची ती युक्ती फावड्यासमोर मात्र उपयोगाची नाही.

गावात फिरून पाहिलं तर हे बऱ्याच घरांचं झालेलं दिसतं. जुन्या माणसांना विचारा, त्यांच्या अंगणात सोनटक्का होता, गुलबास होता, भुईचाफा होता. कुणी मुद्दाम उपटले नाहीत. “उन्हाळ्यात कोबा केला, मंग आलेच नाही,” एवढंच सांगतात.

एप्रिलमध्ये मी दोन आठवड्यांसाठी घरी आलो, लॅपटॉप घेऊन. बाबांशी भांडायला आलो नव्हतो. आजी आणि झाडं यांत निवड करायची असेल तर तो प्रश्नच नव्हता. प्रश्न अकरा फूट रुंदीचा होता. वॉकर दोन फूट रुंद असतो, शेजारी धरणारा एक माणूस. चार फुटांत दोघं नीट जातात. न्हाणीपर्यंतची वाट भिंतीला लागून नेली तर आजीला एका हाताने भिंतीचा आधार मिळतो, आणि तिथे लोखंडी पाइपही बसवता येतो. उरतात सात फूट. भिंत आणि झाडं यांच्यामध्ये चार फुटांची स्वच्छ, उघडी पट्टी आली की विंचू-सापाचा धोकाही कमी होतो, कारण काय चाललंय ते दिसतं. हे मी कागदावर काढून दाखवलं. बाबांनी कागद पाहिला आणि विचारलं, “अन् त्या सात फुटांत नेमकं कुठं काय आहे, हे मिस्त्रीला कोण सांगन? तू तर जाशीन पुण्याला.”

याला माझ्याकडे फोनमधलं उत्तर होतं. ऑक्टोबरमध्ये, झाडं उभी असताना, काढलेले फोटो होते आणि त्यावर मापं टाकलेली होती. पण मिस्त्री माझा फोन बघून फावडं चालवणार नाही. तेव्हा जुनी कवेलू कामाला आली. दोन दिवस संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी आणि बाबांनी सात फुटांच्या कडेने कवेलू उभी पुरली, अर्धी जमिनीत, अर्धी वर. जिथे पेवाचा गड्डा तिथे वेगळं, आडवं कवेलू. सोनटक्क्याच्या बेटाभोवती चार विटा. रिकाम्या जागेला एवढं कुंपण घातलेलं पाहून शेजारचे काका थांबले. “काऊन रे, खजिना पुरला काय?” बाबा म्हणाले, “कंद आहेत.” पहिल्यांदाच बाबांच्या तोंडून त्या जागेबद्दल ‘आहेत’ हा शब्द आला.

बाबांना ते पटवायला मला वनस्पतिशास्त्र लागलं नाही, हळद लागली. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढल्यावर पुढच्या लागवडीचं बेणं झाडाच्या सावलीत ढीग करून, हळदीच्याच पाल्याने झाकून ठेवतात. मे-जूनपर्यंत ते तसंच पडून असतं. बाहेरून पाहिलं तर वाळक्या पाल्याचा ढीग. पण त्या ढिगावर कुणी गाडी चढवत नाही, कारण डोळे फुगलेले गड्डे म्हणजे पुढचं वर्ष, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. बाबांनी आयुष्यभर असे ढीग राखले आहेत. न दिसणाऱ्या झाडावर विश्वास ठेवायला त्यांना कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. फक्त शोभेच्या झाडालाही तो विश्वास लागू होतो, हा सांधा जोडायचा होता.

सगळं वाचलं असं मात्र नाही. चार फुटांच्या वाटेत पेवाचे दोन गड्डे येत होते. ते उकरून सात फुटांत हलवले. त्यातला एक पावसाळ्यात आलाच नाही. कर्दळीचं एक बेट गट्टूंच्या खाली गेलं, कारण वाळू टाकायला जागा हवी होती. मे महिन्याच्या शेवटी वाट तयार झाली. आजीने पहिल्या दिवशी दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला दमली आणि खुर्ची मागितली. झाडांबद्दल तिने विचारलं नाही. तिला त्या पट्ट्याची अजून धास्ती होती, आणि ती तिने लपवली नाही.

जूनच्या शेवटी आईने फोटो पाठवला. पाल्यातून बोटाएवढे लालसर कोंब, आडव्या कवेलूच्या बरोबर शेजारी. खाली तिने लिहिलं होतं, “बाबांनी मोजले. सतरा.”

तुमच्या घरी, गावी किंवा शहरात, यंदा उन्हाळ्यात अंगण पक्कं करायचं चाललं असेल तर एक काम आत्ताच करून ठेवा. पावसाळ्यात त्या जागेचा फोटो काढा, आणि जे उभं आहे त्याच्या बुडाशी काहीतरी न कुजणारं पुरा. वीट, कवेलू, फुटकी फरशी, काहीही. जीपीएसचा पिन चालणार नाही, त्याची चूक काही मीटरची असते आणि कंद वीतभर जागेत असतो. शिवाय ती खूण अशी हवी की जी तुम्ही तिथे नसताना, फोन न उघडता, फावडं हातात असलेल्या माणसाला दिसेल. घरात जो कायम राहतो त्याला एकदा हाताला धरून दाखवा. बहुतेक घरांत हा माणूस आई असते, आमच्याकडे आता बाबा आहेत.

सप्टेंबरमध्ये गेलो तेव्हा पेव बाबांच्या डोक्याच्या वर गेलं होतं. वाटेवर वाकलेली दोन खोडं त्यांनी सुतळीने मागे बांधली होती, वॉकरला लागू नयेत म्हणून. आजी संध्याकाळी वाटेच्या टोकाला खुर्ची टाकून बसायची, पाय गट्टूंवर, मातीपासून हातभर लांब. सोनटक्क्याची फुलं आई तोडून आणायची. आजी त्यातलं एक देवाला ठेवायची आणि एक उशीखाली. पट्ट्यात ती अजूनही उतरत नाही. मी तसं सुचवलंही नाही.